झिंगा मासा नसतो, असं मी म्हणाले होते

नसीम,

तुला जाऊन आज दहा दिवस झाले आणि अकरा वर्षांनी मी तुला पुन्हा 'तू' म्हणतेय. विचारून म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून सरळ म्हणून टाकते. मधली अकरा वर्षं तू मला 'मॅडम' म्हणालीस, मी तुला 'शेख मॅडम' म्हणाले, आणि मी रिटायर होईपर्यंत आपण दोघी एकाच स्टाफरूममध्ये, एकाच पंख्याखाली, अहो-जाहो करत बसलो. नव्यानं आलेल्यांना वाटायचं, काय या दोघींना एकमेकींबद्दल आदर! आदर कसला डोंबलाचा. तू गणिताची, मी प्राणिशास्त्राची, आणि दोघीही एक नंबरच्या हट्टी.

तू गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. मी मेथी निवडत होते. कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं, मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं, पण कोण गेलं ते कुणी लिहीतच नव्हतं. वर सरकवत गेले तेव्हा तुझं नाव दिसलं. सकाळची नमाज झाली, चहा ठेवलास आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलीस म्हणे. मी तशीच उठले. रोशन गेटला रिक्षातून उतरले तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, भाजी राहिली तुमची." मेथीची अर्धी जुडी मी हातात घेऊन आले होते.

तुझ्या घरात बायकांची गर्दी होती. मी तुझा चेहरा पाहिला. चष्म्याशिवाय तुला मी फार वर्षांनी पाहिलं. कुणीतरी मागून विचारलं, "ये कौन?" तुझी नणंद म्हणाली, "स्कूल की मॅडम हैं." बरोबरच होतं तिचं. मी कोपऱ्यात जाऊन बसले. दुपारी पुरुष तुला घेऊन निघाले आणि आम्ही सगळ्या बायका आतच राहिलो, कारण बायका कब्रस्तानात जात नाहीत. सगळ्या रडत होत्या. मला रडू आलं नाही. खरं सांगते, मला तुझा राग आला होता. वाटलं, अकरा वर्षं ही बाई मला मनातला एक शब्द बोलली नाही आणि आता कायमचीच गप्प झाली.

तो राग मी नऊ दिवस सांभाळला. काल तुझ्या घरी परत गेले होते. तिथं जे कळलं ते शेवटी लिहीन. आधी लिहिलं तर पुढचं लिहायला हात चालणार नाही.

तुला आठवतं का, मी नवीन बदलून आले तेव्हाची स्टाफरूम? लांबडं टेबल, आणि सगळ्यांचे डबे एका ओळीत. मी पहिल्याच आठवड्यात सुकट नेली होती. माझी आई पाचोडच्या बाजारातून वाळवलेले बारीक झिंगे घ्यायची, तव्यावर भाजायची, वर लसूण आणि लाल तिखट. आमच्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर तेच. मी झाकण उघडलं आणि भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, "जरा खिडकी उघडा हो कुणीतरी."  दोन खुर्च्या लांब सरकल्या. दुसऱ्या दिवसापासून मी प्रयोगशाळेत जेवायला लागले. बाटल्यांमधले साप आणि बेडूक माझ्या डब्याला नाक मुरडत नसत.

तू तिथं आलेखाच्या वह्या मागायला आलीस. दारातच थांबलीस आणि लहान मुलीसारखा हवेत वास घेतलास.

"झिंगे?"

"सुकट," मी म्हणाले आणि झाकण लावायला लागले.

"अगं थांब ना. नानी माझी अंबाडीच्या भाजीत घालायची हे. पैठणला. किती वर्षं झाली खाऊन!"

आणि विचारलं नाहीस, सवरलं नाहीस, माझ्या भाकरीचा तुकडा मोडलास आणि माझ्या डब्यात घातलास. तुझ्यासाठी ती साधी गोष्ट होती. तुला नंतर ती आठवतही नव्हती. मी एकदा विचारलं तर म्हणालीस, "असेल बाई, भूक लागली असेल."

माझ्यासाठी ती साधी नव्हती, आणि का नव्हती हे मी तुला कधीच सांगितलं नाही. आमच्या गावात माझ्या वर्गातली एक मैत्रीण होती, मोठ्या शेतकऱ्याची. तिची आई स्वभावानं चांगली. मला शेंगा द्यायची, बोरं द्यायची, परीक्षेत पास झाले की पेढा द्यायची. पण संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले की म्हणायची, "ठेव तिथं उंबऱ्यावर." मी वळून गेल्यावर तो गड्याच्या पोराला जायचा. मी एकदा परत फिरून पाहिलं होतं, म्हणून मला माहीत. मी आठ वर्षांची असेन. तेव्हापासून माझ्या घरचं कोण खातं आणि कोण नाही, हे माझे डोळे आपोआप मोजतात. नोकरी लागली, एम.एस्सी. झाले, शहरात घर झालं, तरी ते मोजणं थांबलं नाही. तू न विचारता माझी भाकरी मोडलीस तेव्हा ते पहिल्यांदा थांबलं.

आठ वर्षं आपण त्या प्रयोगशाळेत जेवलो. आईला मी तुझ्याबद्दल सांगितलं होतं. ती एसटीच्या ड्रायव्हरकडं पिशवी द्यायची आणि फोन करून सांगायची, "तुज्या त्या मैतरणीसाठी जास्तीची टाकलीय, एकटीच खाऊ नको." तू माझ्या आईला न पाहता तिच्या हातची सुकट आठ वर्षं खाल्लीस. ईदला मी तुझ्याकडं शीरखुर्मा प्यायले. तू माझ्या हिशेबाच्या चुका सुधारायला बघायचीस, मी तुझी पालीची भीती घालवायला बघायचे, आणि दोन्हींत कुणालाच यश आलं नाही. किती चांगली होती गं ती वर्षं. आता लिहिताना कळतंय की तेवढीच होती.

मग तो दिवस. मी विसरले होते तो, अगदी खरं सांगते. काल परत आठवला, सगळा, शब्दन् शब्द.

त्या वर्षी तीन नवीन शिक्षक आले होते आणि त्यांनाही स्टाफरूमपेक्षा प्रयोगशाळा आवडायला लागली होती. मी नेहमीच्या सुकटीबरोबर वेगळ्या डब्यात खेकड्याचं कालवणही आणलं होतं. त्यांनी ताव मारला. कालवणाला तू हात लावला नाहीस. त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला नाही आवडत?"

"आवडायचा प्रश्नच नाही," तू म्हणालीस. "आमच्यात पाण्यातला फक्त मासा चालतो. खेकडा नाही, कासव नाही, बेडूक नाही. कोकणातल्या मुसलमानांचं वेगळं, त्यांचा मसलक, म्हणजे पंथ, वेगळा. ते समुद्रातलं सगळं खातात. आम्ही हनफी. आम्हाला मासा, बस."

"मग सुकट कशी खाता?"

"झिंगा तर मासाच की," तू म्हणालीस आणि भाकरीचा घास सुकटीला लावलास.

तिथंच मी हसले. समोर तीन नवी माणसं, आणि विषय माझा. दर वर्षी मुलांना तोंडी परीक्षेत मी तोच प्रश्न घालायचे ना, तारामासा मासा आहे का? मुलं 'हो' म्हणायची आणि सगळा वर्ग हसायचा. तोच आवाज लावला मी. "मासा? कुणी सांगितलं तुला? पाठीचा कणा दाखव मला त्याचा. दहा पाय, अंगावर कवच. संधिपाद प्राणी आहे तो. झुरळ, विंचू, कोळी, सगळे त्याचे भाऊबंद."

तिघं खो खो हसले. तू हसली नाहीस.

"म्हणजे मासा नाही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. रोज फाडते मी."

तुझा घास हातात होता. तो तू खाली ठेवलास, कागदावर. मला दिसलं ते, पण मी पुढच्या विनोदात होते. झिंग्याचं डोकं आणि छाती एकच असते वगैरे काहीतरी सांगत होते. तू वही उघडून बसलीस. इतकंच झालं. एवढ्याशा गोष्टीनं काही होईल असं कुणाला वाटलं असतं?

त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझ्या वडिलांना जाऊन वर्ष झालं, त्याचं पुण्यानुमोदन होतं, गावी. तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस. पाचोडला एसटीतून उतरलीस आणि तिथून माझ्या भावाच्या गाडीवर मागे बसून आलीस, ओढणी सांभाळत. आमची वस्ती गावाच्या कडेला, निळा झेंडा, छोटं विहार. वंदनेला तू डोकं झाकून मागे बसलीस. आईनं तुझ्या गालांवरून हात फिरवला. जेवणाच्या वेळी तू म्हणालीस, आज सोमवार, माझा रोजा आहे. तू सोमवार-गुरुवार धरायचीस, मला ठाऊक होतं. आईनं पुरी-भाजी बांधून दिली, तीही तू नेलीस. तरी तू गेल्यावर माझी मावशी म्हणाली, "तुजी मैतरीण पाणी बी नाय प्याली गं आपल्या घरचं."

"रोजा व्हता तिचा, मावशे."

"आसंल बाई," मावशी म्हणाली. तिच्या त्या दोन शब्दांनी माझं वाटोळं केलं.

कारण पुढच्या आठवड्यात मी डबा उघडला आणि तू म्हणालीस, "आज नको गं, पोट बरं नाही." त्याच्या पुढच्या वेळी म्हणालीस, घरून खाऊन आले. मग रोजा. मग पुन्हा पोट. माझ्या डब्यातलं तू काहीच घेईनाशी झालीस, भाकरीसुद्धा नाही. आता कळतं, त्या एकाच डब्यात सगळं असायचं आणि सगळ्याला सुकटीचं तेल लागलेलं असायचं. गणितवाली तू, सोडायचं तर अर्धवट सोडणार नाहीस. पण मला तेव्हा हे सुचलं नाही. एकदा अंधुक वाटलं होतं की त्या हसण्यावारी नेलेल्या बोलण्याचं काही नसेल ना. म्हणून मी ऑफिसातल्या आपल्या क्लार्कभाईंना सहज विचारलं, "तुमच्यात झिंगे चालतात का हो?" ते म्हणाले, "चालतात म्हणजे? शहागंजला ताजे आले की सगळ्यात आधी मी. नाथसागराचे झिंगे लई भारी." झालं. माझी शंका मिटली. सगळे मुसलमान खातात म्हणजे तुझी अडचण झिंग्याची नव्हती, माझ्या घराची होती. वस्ती बघितली, झेंडा बघितला, आणि हिला आमचं चालेना. मी पुन्हा उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले, आठ वर्षांची.

मी तुला एका माणसासारखं पाहिलं नाही, नसीम. तुझ्या जागी मी सगळ्यांना पाहिलं.

भांडण कसलं, मी एकटीच बोलले. प्रयोगशाळेत आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, "आज नको," आणि माझा तोल गेला. गावची भाषा तोंडात आली. "आमचं घर बघितलंस तवापासून तुला आमचं खाणं चालंना झालं, व्हय ना? मला वाटलं व्हतं तू येगळी हाईस. तुमी बी त्यातलेच."

तुझा चेहरा पांढराफटक पडला. "सुजा, असं नको बोलूस. वैसा कुछ नै है."

"मग खा. माझ्यासमोर एक घास खा." मी डबा तुझ्यापुढं ढकलला.

तू दोन्ही हात मांडीत घट्ट धरून बसलीस. डोळे भरले होते तुझे. "नै खा सकती," तू म्हणालीस. "तू सुन तो ले..."

मी ऐकलं नाही. झाकण लावलं आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये बसायला लागले, त्याच लांबड्या टेबलाच्या टोकाला, आणि तू मला 'मॅडम' म्हणायला लागलीस.

पण तू तरी! तुला मी आज सोडणार नाही. एका वाक्याचं काम होतं गं. 'तूच म्हणालीस ना तो मासा नाही', एवढंच म्हणायचं होतंस. चिठ्ठी टाकायचीस. मी चुकीचं बोलले, घाण बोलले, मान्य. पण तुला एवढं लागलं की अकरा वर्षं तू ते वाक्य गिळून बसलीस? का तुला वाटलं, आता सांगितलं तर हिला आणखी अपराधी वाटेल? तू तशीच होतीस. मुलं नापास झाली तरी तूच त्यांची समजूत घालायचीस. मला खरंच माहीत नाही, आणि आता विचारायचं कुणाला?

मधल्या वर्षांत तू काय काय केलंस ते मी पाहत होते आणि पाहिलं नाही असं दाखवत होते. माझा पाय मोडला तेव्हा माझे बारावीचे सगळे तास तू गणिताच्या नावाखाली घेऊन टाकलेस, म्हणजे माझा अभ्यासक्रम मागे राहिला तरी मुलांनी निदान हुल्लड करू नये. आई गेली तेव्हा तू गावी आलीस, दाराशी उभी राहिलीस, माझ्या भावाशी बोललीस आणि मी बाहेर यायच्या आत निघून गेलीस. तुझे शेखसाहेब वारले तेव्हा मी स्टाफबरोबर आले आणि स्टाफबरोबर गेले. गेल्या वर्षी माझ्या निरोप समारंभात तू दोनच वाक्यं बोललीस. "मॅडमनी सांगितलेलं मी कधी तपासून पाहिलं नाही. त्या सांगतात ते पक्कं असतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, शेवटच्या दिवशीही टोमणा मारला हिनं. घरी येऊन मी तू दिलेलं शालीचं पाकीट उघडलंसुद्धा नाही. अजून तसंच आहे ते कपाटावर.

आता कालचं.

काल दुपारी मी तुझ्या घरी गेले. का गेले, सांगता येणार नाही. घरात बसवत नव्हतं. तुझी सून होती, सुमैया. लासूर स्टेशनची मुलगी, मराठी शाळेत शिकलेली, चुणचुणीत. तिच्या माहेरून जेवण आलं होतं. "आंटी, न खाता नक्को जाऊ," म्हणाली आणि ताट वाढून आणलं. वाटीत झिंग्याचं सालन होतं, अंबाडी घातलेलं.

मी म्हणाले, "तुमच्याकडं करतात हे?"

"हौ, सगळे खातात. एक अम्मी खात नव्हत्या." ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. बोलायला कुणीतरी हवंच होतं तिला. "माझं लग्न झालं ना, पहिल्या महिन्यात मी हेच केलं. अम्मीनं वाटी बाजूला सरकवली. मला इतकं वाईट वाटलं आंटी, वाटलं माझ्या हातचं चालत नाही ह्यांना. रात्री झोप नाही. सकाळी उठून विचारूनच टाकलं, 'अम्मी, मेरे हाथ का पसंद नै क्या?' तर अम्मी हसायलाच लागल्या. मला जवळ घेतलं. म्हणाल्या, 'पगली, माझी एक सहेली आहे, सायन्सवाली. तिनं सांगितलंय झिंगा मासा नाही.'"

मी वाटीकडं बघत राहिले.

"मी म्हटलं, अम्मी, आमच्या लासूरला तर सगळे खातात. तर म्हणाल्या, अब्बांनी तेव्हाच मौलानांना विचारलं होतं. मौलाना म्हणाले, किताबांत दोन्ही मतं आहेत. लोक ज्याला मासा म्हणून खातात त्याला मासाच धरायचं, असं बरेच आलिम सांगतात, म्हणून जायज आहे. कुणी म्हणतात बचावं. तुमच्या मनात शंका नसेल तर खुशाल खा. आणि अम्मी काय म्हणाल्या माहितीये?" सुमैयाला हसू आलं आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरले. "म्हणाल्या, 'मौलानांनी झिंगा थोडाच चिरून बघितलाय? माझ्या सहेलीनं बघितलाय. ती पक्कं म्हणाली.'"

नसीम, तुझा धर्म तुला सूट देत होता. मौलाना देत होते, तुझा नवरा आणून देत होता. अख्खं शहर खात होतं. तू नानीच्या हातची चव सोडलीस, माझा डबा सोडलास, कारण मी पक्कं म्हणाले होते. मौलानांचं उत्तर खाण्याबद्दल होतं, माझं वर्गात शिकवायचं. माझं उत्तर तुझ्या प्रश्नाला नव्हतंच. तीन नव्या माणसांसमोर शहाणपणा मिरवायला मी ते दिलं होतं. आणि तू ते खरं मानलंस म्हणून मी तुला जातीचा हिशोब लावला. ज्या एका माणसानं माझ्या शब्दावर आपल्या मौलानांपेक्षा जास्त विश्वास ठेवला, त्याच माणसाला.

मी सुमैयाला विचारलं, "मग ती सहेली? पुढं काय झालं?"

"ती नाराज झाली म्हणे. का ते नाही सांगितलं अम्मीनं. एवढंच म्हणाल्या, लहानपणी दुखावलेली आहे ती कशानं तरी, म्हणून पटकन रागावते. म्हणाल्या, रिटायर झाले की तिच्या घरी जाऊन बसेन, मनवूनच उठेन."

म्हणजे तुला कळलं होतं. मी न सांगता कळलं होतं. आणि रिटायर व्हायला तुला दोन वर्षं होती.

तेवीस-चोवीस वर्षांची पोर गं ती. सासरी नवी, घर परकं, तरी एक रात्र काढली आणि सकाळी विचारलं. तू तिला जवळ घेतलंस. मी आयुष्यभर प्रश्न विचारायचा पगार घेतला आणि अकरा वर्षांत 'का खात नाहीस?' एवढं मला विचारता आलं नाही. मी कल्पना करून बघते, विचारलं असतं तर काय झालं असतं. तू सांगितलं असतंस. मी डोक्यावर हात मारून घेतला असता. आपण इतक्या हसलो असतो की भौतिकशास्त्राच्या सरांनी खिडकी लावून घेतली असती. आईला फोन करून सांगितलं असतं, आता सुकट नको, दुसरं काहीतरी धाड. पाच मिनिटांचं काम होतं.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं आणि सुमैया ओढणीनं डोळे पुसत होती. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"आंटी, तुम्ही शाळेतल्या ना? तुम्हाला माहीत असेल ती सहेली कोण. ह्यांना विचारलं, ह्यांना आठवत नाही. सगळ्यांना कळवलं आम्ही, तिला कुणी कळवलंच नसेल. अम्मी गेल्या हे तिला सांगायला पाहिजे ना?"

तुझ्या घरात अकरा वर्षं माझं नाव सहेली होतं. दहा दिवसांपूर्वी मी तिथं स्कूल की मॅडम म्हणून कोपऱ्यात बसले होते आणि तुझ्यावर रागावले होते. 'मीच ती' एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. ते म्हटले असते तर ती पोर माझ्या गळ्यात पडली असती, आणि मग तिनं साहजिकच विचारलं असतं, का रुसला होता तुम्ही अम्मीवर? तुझ्या घरात बसून, तुझ्या सुनेनं वाढलेलं खात, मी तिला काय सांगणार होते?

"नाही बाळा," मी म्हणाले. "मला नाही माहीत."

"काही नाही," ती म्हणाली, "मी काढते शोधून."

ती काढेल, नसीम. तिला विचारायची सवय आहे.